गुप्तधन : सोन्याचे आणि मेणाचे

माळ्यावर सापडलेला १६३२ सालचा नकाशा, एकाक्ष विली नावाच्या चाच्याचे जहाज, मागावर असलेले गुंड आणि या सगळ्यांत सापडलेली मुले. एवढ्या सामग्रीवर रिचर्ड डॉनर यांचा ‘द गूनीज’ (१९८५) हा चित्रपट उभा आहे. कथा स्टीव्हन स्पीलबर्ग यांची, पटकथा ख्रिस कोलंबस यांची. मुलांचा चित्रपट म्हणून तो बाजूला सारला जातो, ते मला पटत नाही. त्यातल्या दमेकरी मिकीला खजिना हवा आहे तो घरासाठी. त्याची वस्ती पाडून तिथे गोल्फचे मैदान व्हायचे आहे आणि पैसे भरायला आईवडिलांकडे जेमतेम एक दिवस उरला आहे. शेवटी हाती लागतात ती गोट्यांच्या पिशवीत राहिलेली मूठभर रत्ने. जहाज समुद्रात निघून जाते.

ही गोष्ट घडते अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या अ‍ॅस्टोरिया गावात. तिथून दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटरवर निआकानी नावाचा डोंगर आहे. कोण्या जहाजावरच्या लोकांनी या डोंगरात पेटी पुरली, अशी जुनी दंतकथा आहे. तिच्यापायी लोकांनी डोंगर पोखरला. १९३१ साली खड्डा ढासळून बाप आणि मुलगा दोघेही गाडले गेले. आपल्याकडे गुप्तधन म्हटले की लिंबू, कुंकू आणि अमावास्या. तिकडे नकाशा आणि कुदळ. बळी मात्र दोन्हीकडे जातात.

सोने कुणालाच मिळाले नाही. मिळत राहिले ते मेण. १८१३ साली अ‍ॅस्टोरियातल्या फरच्या व्यापाऱ्याने नोंद केली आहे, की इथले मूळ रहिवासी वाळूत सापडलेले मेण विकायला आणतात. पुढे त्याच किनाऱ्यावर मेणाच्या कित्येक टन वड्या निघाल्या, काहींवर माल पाठवणाऱ्यांच्या खुणा कोरलेल्या. सोबत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. मूळ रहिवाशांनी त्यांतल्या काही तुकड्यांची बाणांची टोके केली होती!

मेण आणि चिनी भांडी एकत्र, म्हणजे फिलिपिन्समधील मनिलाहून मेक्सिकोला जाणारे स्पॅनिश जहाज. त्या मार्गावर बेपत्ता झालेली दोन जहाजे चर्चेत होती : एक १६९३ चे ‘सांतो क्रिस्तो दे बुर्गोस’, दुसरे १७०५ चे ‘सान फ्रान्सिस्को झेवियर’. निवाडा कसा झाला, हा मला या प्रकरणाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो. २६ जानेवारी १७०० रोजी या किनाऱ्याला प्रचंड भूकंप झाला. त्याची तारीख कळते ती जपानमधल्या नोंदींवरून, कारण त्सुनामी तिथवर पोचली होती. इकडे त्या लाटांनी जहाजाचे अवशेष वाळूच्या पट्ट्यावर वरपर्यंत फेकले. म्हणजे जहाज १७०० पूर्वी फुटलेले असणार. भांड्यांवरची नक्षीही सतराव्या शतकाच्या अखेरची. १७०५ चे जहाज बाद झाले.

जून २०२२ मध्ये मान्झनीटा गावाजवळच्या सागरी गुहांमधून डझनभर जुनी लाकडे बाहेर काढली गेली. लाकूड उष्ण कटिबंधातले आणि काळाशी जुळणारे. वर्तमानपत्रांनी लगेच ‘गूनीज’चे जहाज सापडल्याच्या बातम्या दिल्या. मिकीचे जहाज चाच्यांचे होते आणि हे व्यापाऱ्यांचे, एवढा फरक त्या उत्साहात कोण पाहणार!

पण एवढे मेण मेक्सिकोला कशाला? चर्चमधल्या मेणबत्त्या मधमाश्यांच्या मेणाच्याच लागत. युरोप-आशियातल्या पोळे करणाऱ्या मधमाश्या अमेरिका खंडात मुळात नव्हत्या, आणि तिथल्या बिनडंखी माश्यांचे मेण मऊ, मेणबत्तीला गैरसोयीचे. म्हणून आशियातल्या जंगलांत पोळी काढायची, वितळवून वड्या पाडायच्या आणि सबंध पॅसिफिक ओलांडून त्या न्यायच्या. तेच मेण टिलामूकच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळते.