मागे बसलेला मुलगा

ही हकिकत अमेरिकेतली आहे. तिकडे कॅलिफोर्निया नावाचे मोठे राज्य आहे. सॅक्रामेंटो हे त्या राज्याच्या राजधानीचे शहर. त्या भागात २२ मे १९९० रोजी रात्री साडेआठच्या सुमाराला ही गोष्ट घडली.

कुठे तरी मारामारी चालली आहे, असा निरोप आला. म्हणून दोन पोलीस आपापल्या मोटारी घेऊन तिकडे गेले. तिथले काम उरकून एक पोलीस मोटारीकडे परत आला, तोच त्याला एक मोटारसायकल भरधाव येताना दिसली. चालवणारा मुलगा अठरा वर्षांचा होता. त्याच्या मागे एक सोळा वर्षांचा मुलगा बसला होता. त्या मारामारीशी दोघांचा काडीचाही संबंध नव्हता.

पोलिसाने मोटारीवरचे फिरते दिवे लावले. थांबा, म्हणून ओरडून सांगितले. मग आपली मोटार त्याने दुसऱ्या पोलिसाच्या मोटारीजवळ सरकवली. मोटारसायकल मधेच अडकावी, हा त्याचा हेतू. पण दोन मोटारींच्या मधे थोडी फट राहिली. मुलाने हळूहळू गाडी त्या फटीतून बाहेर काढली. बाहेर पडल्याबरोबर मूठ पिळली, आणि सुटला! दुसऱ्या पोलिसाने दिवे लावले, भोंगा चालू केला, आणि तोही मागे सुटला.

पुढचा सगळा प्रकार ७५ सेकंदांत आटोपला. ७५ सेकंद म्हणजे किती? चुलीवर ठेवलेला चहा उकळायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात दोन्ही गाड्या दोन किलोमीटरच्या वर गेल्या. तो काही मोकळा माळ नव्हता, घरांची वस्ती होती. मोटारसायकल समोरून येणाऱ्या गाड्यांतून नागमोडी पळत होती. दोन मोटारींना आणि एका सायकलवाल्याला जीव वाचवायला रस्ता सोडावा लागला. मधे मधे वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत गेला. मागची पोलीस मोटार कधी कधी अवघी शंभर फुटांवर होती.

मग मुलाने डावीकडे एकदम तीव्र वळण घेतले. गाडी कलंडली. दोघेही रस्त्यावर पडले. पोलिसाने कचकन ब्रेक दाबला. चालवणारा मुलगा वाटेतून बाजूला झाला होता. मागचा मुलगा वाटेतच होता. घसरत आलेल्या मोटारीने त्याला ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वेगाने धडक दिली. तो सत्तर फूट लांब फेकला गेला आणि जागच्या जागी मेला.

पोलिसाला त्याला मारायचे होते का? नाही. तसे कोणीच म्हटले नाही. ब्रेक त्याने दाबला होता. मग मोटार थांबली का नाही? ते समजायला थोडा हिशेब करावा लागेल. घाबरू नका, हिशेब सोपा आहे.

गाडी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. म्हणजे ती एका सेकंदात १० मीटर, म्हणजे ३३ फूट जाते. आता समोर अचानक म्हैस आडवी आली. डोळ्यांना म्हैस दिसते, मन दचकते, मग हात-पाय ब्रेककडे जातात. एवढ्याला साधारण एक सेकंद लागतो. माणूस कितीही चलाख असो, थोडा वेळ जाणारच. ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३३ फूट पुढे गेलेली असते! ब्रेक लागल्यावरही, रस्ता कोरडा असला आणि ब्रेक चांगले असले तरी, ती आणखी २५-२७ फूट जाते. मिळून साठ फूट झाले.

आता वेग दुप्पट करा. ताशी ७२. आपल्याला वाटते, थांबायलाही दुप्पट जागा लागेल. इथेच माणूस फसतो. दचकण्याच्या सेकंदात गाडी दुप्पट जाते, हे खरे. पण ब्रेक लागल्यानंतरची जागा दुप्पट लागत नाही, चौपट लागते. मिळून पावणेदोनशे फूट लागतात. वेग तिप्पट केला, म्हणजे ताशी १०८, तर ब्रेकची जागा नऊपट. तेव्हा सगळे मिळून साडेतीनशे फुटांच्या जवळ जाते. रस्ता ओला असला, वर वाळू सांडलेली असली, तर याहूनही जास्त.

सॅक्रामेंटोच्या खटल्यात हाच आकडा कागदावर आला. त्या वेगाला पोलीस मोटार थांबायला ६५० फूट लागले असते. आणि अंतर होते शंभर फूट. १६० च्या वेगाने मोटार शंभर फूट जायला एक सेकंदसुद्धा घेत नाही. म्हणजे पोलिसाचे मन दचकून होईपर्यंतच ते अंतर संपणार. वळणावर वेग कमी झाला होता, तरीही जागा पुरली नाही.

वेग किती आहे, हे गाडीवर बसलेल्या माणसाला कळत नाही. वारा अंगाला गोड लागतो. म्हणून आमच्याकडचे एक जुने विहीर खणणारे काका वेगाचा हिशेब विहिरीने सांगतात. ताशी ३६ ने जाऊन भिंतीला धडकणे म्हणजे सोळा फूट खोल कोरड्या विहिरीत पडणे. ताशी ७२ ने धडकणे म्हणजे ६५ फुटांची विहीर. ताशी १०८ ने धडकणे म्हणजे दीडशे फुटांची. हा हिशेब काकांचा असला तरी पक्का आहे, बरं का. शास्त्राच्या पुस्तकातही तेच उत्तर निघते. दीडशे फूट विहिरीच्या काठावर पोराला कोणी नाचू देईल का? मोटारसायकलवर मात्र आपण देतो.

मोटारीला चार चाके असतात आणि भोवती पत्रा असतो. फटफटीला दोनच चाके, आणि पत्र्याच्या जागी आपलीच हाडे. तिचे एकेक चाक जमिनीला टेकते ते तळहाताएवढ्या जागेत. वळण घेताना गाडी एका अंगाला कलते, तेव्हा सगळी पकड त्या दोन तळहातांत असते. वेग दुप्पट झाला की तेच वळण घ्यायला पकड चौपट लागते. एवढी पकड रबर आणणार कुठून? त्यात कोणी घाबरून ब्रेक दाबला, की चाक सटकलेच. मागे बसलेल्या माणसाला तर वळण येणार हे आधी कळतही नाही. हातात ना मूठ, ना ब्रेक. पुढच्याने चूक केली की मागच्याने पडायचे.

आता पाठलागाचे पाहू. पळणाऱ्याचे अर्धे लक्ष मागे असते. भोंगा जवळ आला की तो मूठ आणखी पिळतो. मागचा पोलीस एकाच लाल दिव्यावर नजर लावून असतो. बाजूच्या गल्लीतून कोण येते, हे त्याला दिसत नाही. रस्त्यावर आधी एक बेफाम गाडी होती, आता दोन झाल्या. आणि दुसरी तर दीड-दोन हजार किलो वजनाची! ज्या सायकलवाल्याला रस्ता सोडावा लागला, त्याने कोणाचे काय केले होते?

मेलेल्या मुलाच्या आईवडिलांनी फिर्याद केली. खटला पुष्कळ वर्षे चालला. खालच्या कोर्टाने पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. १९९६ साली वरच्या कोर्टाने तो फिरवला. त्या कोर्टाने पोलीस खात्याचाच लेखी नियम पुढे ठेवला. नियम असा होता: पाठलाग सुरू करताना ठाण्याला बिनतारी यंत्राने कळवावे. गुन्हा किती मोठा आहे ते पाहावे. पकडण्याच्या फायद्यापेक्षा धोका मोठा झाला, तर पाठलाग सोडून द्यावा. इथे ठाण्याला कळवलेच नव्हते. आणि गुन्हा कोणता? तर मुले थांबली नाहीत, हाच. ती निसटली असती तर कोणाचे काही बिघडले नसते.

शेवटी खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मे १९९८ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती सूटर यांनी तो लिहिला, आणि नऊच्या नऊ न्यायाधीशांचे त्या निकालावर एकमत झाले. निकाल पोलिसाच्या बाजूने होता. पोलिसाचा हेतू इजा करण्याचा नव्हता. क्षणात निर्णय घ्यावा लागला. मुलाचे पळणेही क्षणातले आणि पोलिसाचे धावणेही क्षणातले. म्हणून राज्यघटनेचा भंग झाला असे म्हणता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. पण हा निकाल नीट वाचावा. पोलीस शहाणपणाने वागला, असे न्यायालयाने कुठेही म्हटलेले नाही.

त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांनी पाठलागाचे नियम कडक केले. खून-दरोड्यासारखा मोठा गुन्हा असेल तरच पाठलाग करायचा, असे काहींनी ठरवले. आता तुम्ही म्हणाल, मग तर पोरं पळतच सुटतील! तसेही लोक म्हणाले. मिलवॉकी शहराने २०१० मध्ये नियम आवळला होता. बेफाम गाड्या वाढल्या अशी ओरड झाली, तेव्हा २०१७ मध्ये तो सैल केला. मग पाठलाग पुष्कळ वाढले. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही. मला स्वतःला सॅक्रामेंटोचा तो लेखी नियम बरा वाटतो. मोटारसायकल उद्याही सापडते. मेलेला मुलगा सापडत नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे होते. आणि एकूण मृत्यूंपैकी शंभरात एकाहत्तर फाजील वेगापायी झाले. नाक्यावर पोलिसाचा हात दिसला की आपली पोरेही गाडी फिरवून पळतात. कशाला? तर डोक्यावर हेल्मेट नसते, नाही तर खिशात परवाना नसतो. मोटारवाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यात हेल्मेट नसल्याचा दंड एक हजार रुपये ठेवला. परवान्याशिवाय गाडी चालवली तर पाच हजार. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर आईबापांना किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे आकडे लहान नाहीत. मजुरी करणाऱ्या घरात पाच हजार म्हणजे महिन्याचा बाजार. पोरगा पळतो तो या भीतीने पळतो, हे खरेच आहे. पण दंडाची पावती घरी आणता येते. हप्त्याने फेडता येते, उसने घेता येतात.

हा धडा आम्ही रात्रीच्या वर्गात मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, ते सगळं खरं. पण मागं बसलेल्या पोरानं काय केलं होतं?"

सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला, "मावशी, त्यानं काय करायचं होतं? गाडी पळत असताना उडी मारायची?"

"पळताना कशाला? आधी!" मावशी म्हणाल्या. "दोन मोटारींच्या मधनं गाडी हळू निघाली म्हणता ना? तवा पाय टेकायचा अन् उतरायचं."

मी पुस्तक उघडून ती ओळ पुन्हा वाचली. मुलाने हळूहळू गाडी त्या फटीतून बाहेर काढली, असेच तिथे होते.