पेटंटच्या परीक्षेचा अभ्यास

पेटंट-एजंट म्हटले की कोणी दलाल असावा, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः शोध लावणाऱ्याच्या वतीने पेटंट कार्यालयात अर्ज लिहिणारा व तो लढविणारा हा परवानाधारक माणूस. १९७० च्या पेटंट कायद्याच्या १२६ व्या कलमान्वये तो भारताचा नागरिक, २१ वर्षे पूर्ण झालेला आणि विज्ञान वा तंत्रशास्त्राचा पदवीधर असावा लागतो, वर परीक्षा. कामगारांच्या घरांत आता असे पदवीधर आहेत, म्हणून हा विषय आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम गुणांचा हिशेब पाहा. दोन लेखी पेपर प्रत्येकी १०० गुणांचे, तोंडी परीक्षा ५० ची. प्रत्येक पेपरात ५० हवेत, पण एकूण २५० पैकी १५० हवेत. म्हणजे दोन्हींत काठावर राहणाऱ्यास तोंडीत ५० पैकी ५० मिळवावे लागतील! तेव्हा काठावरचा अभ्यास येथे फुकट.

पहिला पेपर कायद्याचा. कलमांचे आकडे घोकण्यापेक्षा एकेक कलम खऱ्या प्रकरणाला बांधावे. कलम ८४ घ्या. पेटंट मिळून ३ वर्षे लोटल्यावर औषध पुरेसे मिळत नसेल, परवडत नसेल किंवा देशात बनत नसेल, तर दुसऱ्यास सक्तीचा परवाना मागता येतो. बायर कंपनीचे कर्करोगावरील औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांस पडे. मार्च २०१२ मध्ये नॅटकोला परवाना मिळाला आणि किंमत ८,८८० रुपये ठरली. हा निकाल एकदा समजून वाचणाऱ्याला तिन्ही कारणे पुन्हा पाठ करावी लागत नाहीत. कलम ३(ड) साठी २०१३ चा नोव्हार्टिसचा निकाल असाच वाचावा. कलम २८ मात्र आम्ही चळवळीतल्या माणसांनी मुद्दाम वाचावे: खऱ्या संशोधकाचे नाव पेटंटात नमूद होऊ शकते, पण त्या नावाने हक्क मिळत नाही. यंत्रावर सुधारणा करणाऱ्या कारागिराची सारी कैफियत त्या एका कलमात आहे.

दुसरा पेपर मसुद्याचा, आणि पुष्कळांची गाडी अडते ती येथे. पुस्तक वाचून दावा लिहिता येत नाही. पोहणे काठावर बसून यावे तसे ते होईल. घरातली छत्री घ्या आणि ती आपणच शोधली असे समजून दावा लिहा. ‘लाकडी मूठ’ लिहिलीत, तर शेजारी प्लॅस्टिकची मूठ बसवून मोकळा. ‘डोक्यावर धरावयाचे आच्छादन’ लिहिलेत, तर इरलेही त्यात येते, आणि जुन्याच वस्तूवर हक्क सांगितल्याने दावा कोसळतो. रोज एक वस्तू, एक दावा. दुसऱ्या दिवशी मित्राने तो मोडून दाखवावा. दोघेतिघे मिळून अभ्यास केल्यास शिकवणीची फी वाचते.

जुन्या टिपणांपासून जपावे. तपासणीची मागणी करण्याची ४८ महिन्यांची मुदत मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी ३१ महिन्यांवर आली आहे. नियमांची ताजी प्रत पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. अभ्यास तिच्यावरूनच सुरू करावा.