इंजिन नसलेली गाडी

लोकलचे इंजिन कुठे असते? लहान मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि मोठी माणसे पहिल्या डब्याकडे बोट दाखवून मोकळी होतात. पण तिथे असते ती मोटरमनची केबिन. पॅसेंजर किंवा एक्स्प्रेसला पुढे जोडलेले असते तसे वेगळे इंजिन लोकलला नसतेच. मग ती धावते कशी?

पुढच्या वेळी पादचारी पुलावर उभे राहाल, तेव्हा गाडीच्या टपाकडे नजर टाका. आपल्या नेहमीच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार डब्यांवर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी चौकट, दिसेल. हे चार मोटर कोच. त्यांच्या चाकांजवळ, डब्याखालीच मोटारी बसवलेल्या असतात. बाकीचे आठ ट्रेलर, म्हणजे नुसते ओढले जाणारे डबे. थोडक्यात, एका इंजिनाचे काम तुकडे करून सगळ्या गाडीभर वाटून दिलेले असते. अशा गाडीला रेल्वेच्या भाषेत इलेक्ट्रिक मल्टिपल युनिट, म्हणजे ईएमयू म्हणतात.

ही युक्ती काढली फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्याने. तो विजेच्या लिफ्ट तयार करण्याच्या उद्योगात होता. अनेक लिफ्ट एका जागेवरून चालवता येतात, तर अनेक डबे का नाही, असे त्याच्या मनात आले. शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी त्याने १८९७ मध्ये ही पद्धत तयार केली. तिची मेख अशी, की पुढे बसलेला चालक साऱ्या गाडीला वीज पुरवत नाही. तो फक्त हुकूम देतो. गाडीभर फिरवलेल्या बारीक तारांतून तो हुकूम प्रत्येक मोटर कोचला एकाच क्षणी पोहोचतो आणि प्रत्येक डबा आपली वीज आपण घेऊन कामाला लागतो. हे किती सोपे आहे हे दाखवण्यासाठी स्प्रेगने सहा डब्यांची गाडी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला चालवायला दिली होती!

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? एक दणकट इंजिन जोडले की झाले. इथे प्रश्न नुसत्या ताकदीचा नाही, पकडीचा आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घसरते. चाकावर जितके वजन, तितकी त्याची रुळावर पकड. सहा आसांचे इंजिन बारा डबे ओढते, तेव्हा गाडीखालच्या चाकांच्या ५४ जोड्यांपैकी फक्त सहा जोर लावतात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये ४८ पैकी १६ जोड्या जोर लावतात. शिवाय मोटर कोचमध्ये गर्दी वाढली, की त्याच्या चाकांवरचे वजन वाढते आणि पकडही वाढते. आपण डब्यात कोंबले जातो तेव्हा गाडी सुरू व्हायला एवढी मदत आपणही करत असतो!

या पकडीचा उपयोग होतो तो गाडी निघताना. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आणि स्थानके सव्वीस. म्हणजे धिम्या लोकलला सरासरी दोन किलोमीटरवर थांबायचे असते. अशा गाडीचा कमाल वेग किती, याला फारसे महत्त्व नाही, कारण त्या वेगाला पोहोचेपर्यंत पुढचे स्थानक येते. महत्त्व आहे ते पटकन सुटण्याला आणि पटकन थांबण्याला. समजा, प्रत्येक वेळी एकच मिनिट वाचले, तर कल्याणपर्यंत पंचवीस मिनिटे वाचतात. शेवटच्या स्थानकावर इंजिन काढा, रुळ बदला, दुसऱ्या टोकाला जोडा, हा सोपस्कारही नाही. दोन्ही टोकांना केबिन असते. दुसऱ्या टोकाला मोटरमन चढला, की काही मिनिटांत गाडी परत निघते. जितक्या लवकर फलाट रिकामा होईल, तितक्या जास्त गाड्या सोडता येतील.

मुंबईला याची गरज फार लवकर भासली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती ईएमयूच होती. १९२८ च्या जानेवारीत पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली वीज आली. ती होती १५०० व्होल्टची डीसी वीज. आज सगळीकडे २५ हजार व्होल्टची एसी वीज आहे. पश्चिम रेल्वेवर हा बदल २०१२ मध्ये पुरा झाला आणि मध्य रेल्वेवर २०१६ मध्ये. दाब इतका वाढला, की तेवढ्याच कामाला तारेतून साधारण सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो. नव्या गाड्या ब्रेक लावताना मोटारीचाच जनित्र म्हणून वापर करून काही वीज तारेला परतही करतात.

इथपर्यंत सगळे छान. पण दोन किलोमीटरच्या उड्या मारण्यासाठी घडवलेली ही गाडी आज कुठवर जाते ते पाहा. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटर, कसारा १२१. पश्चिमेला डहाणू रोड चर्चगेटपासून १२४ किलोमीटर. तिथे २०१३ पासून लोकल जाते. हा प्रवास दोन तासांहून अधिक. या गाडीचा डबा रुंद, ३.६६ मीटरचा, कारण त्यात माणसे जास्तीत जास्त मावावीत. बसायला जागा कमी, उभे राहायला जास्त. आणि शौचालय नाही. दादर ते ठाणे जाणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. कसाऱ्याहून रोज येणाऱ्या मधुमेही माणसाला, गरोदर बाईला, लहान मूल घेऊन निघालेल्या आईला मात्र वाटते. घरून निघण्याआधी पाणी न पिणे हा काहींच्या दिनक्रमाचाच भाग होऊन बसतो. अंतर बदलले, गाडी मात्र तीच राहिली, त्याची ही किंमत.

मध्यम अंतरासाठी रेल्वेकडे दुसरी गाडी आहे. तिचे नाव मेमू. मेनलाइनवर चालणारी ईएमयू म्हणून मेमू. नव्वदच्या दशकाच्या मध्यात बंगालकडच्या मार्गांवर ती पहिल्यांदा आली. आपल्याकडे दिवा–वसई आणि दिवा–पनवेल–रोहा मार्गांवर ती दिसते. तिचा डबा नेहमीच्या एक्स्प्रेसइतका, ३.२५ मीटर रुंद. दाराला पायऱ्या, कारण आडगावच्या स्थानकांत फलाट बुटके असतात. डब्यात शौचालय. मोटर कोच मात्र रूढ रचनेत चारांत एक. म्हणून ती लोकलइतकी चपळ नाही; पण थांबे दूरदूर असतील, तर त्याने फारसे बिघडत नाही.

मग कसाऱ्याला मेमूच का सोडू नये? वाटते तितके हे सोपे नाही. दोन्ही डब्यांच्या रुंदीत ४१ सेंटिमीटरचा फरक. म्हणजे लोकलसाठी बांधलेल्या फलाटावर मेमू उभी राहिली, की फट वीसेक सेंटिमीटरने वाढते. गर्दीच्या रेट्यात तेवढ्या फटीत पाय जातो. त्यातून ती सावकाश सुटणार, म्हणजे मागच्या लोकल खोळंबणार. कल्याणच्या अलीकडे, जिथे गाडीमागे गाडी लागलेली असते, तिथे ही चैन परवडत नाही. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय, असे हे त्रांगडे आहे.

दारांचेही तसेच. ९ जून २०२५ रोजी दिवा ते मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन खच्चून भरलेल्या लोकल एकमेकींशेजारून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्यात काहींनी जीव गमावला. आपोआप बंद होणारी दारे वातानुकूलित लोकलमध्ये २५ डिसेंबर २०१७ पासून आहेत. साध्या लोकललाही ती बसवण्याचे रेल्वेने या अपघातानंतर जाहीर केले. हवा खेळती राहावी म्हणून दारांना झडपा आणि टपावर पंख्यांची सोय, अशी ती कल्पना. ती योग्यच आहे. पण दार बंद होण्यासाठी आधी पायरीवरचा माणूस आत मावायला हवा. तो मावला नाही तर दार अडते आणि मघाशी एकेक करून वाचवलेली मिनिटे फलाटावरच खर्च होतात. म्हणून दारांबरोबर गाड्या वाढवणे आणि डबे पंधरा करणे याला पर्याय नाही.

मधल्या अंतरासाठी नवे प्रयोग सुरू आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अहमदाबाद आणि भुज यांच्यामध्ये ‘नमो भारत’ नावाची बारा डब्यांची, बंद दारांची, वातानुकूलित आणि आरक्षण न लागणारी गाडी सुरू झाली. तीही इंजिन नसलेलीच. वंदे भारतसुद्धा याच कुळातली. तिच्या सोळा डब्यांच्या गाडीत एकाआड एक डब्याला मोटारी आहेत. म्हणजे तंत्र हाताशी आहे. प्रश्न आहे तो कोणत्या अंतराला कोणती गाडी, हे ठरवण्याचा.

‘आमच्या गावापर्यंत लोकल आणा,’ ही मागणी आपण नेहमी ऐकतो. मागणी रास्त असते, कारण लोकल म्हणजे स्वस्त पास आणि वारंवार गाड्या. पण माझे म्हणणे एवढेच, की मागताना चार प्रश्न आधी विचारावेत. थांबे किती अंतरावर आहेत? फलाटांची उंची किती? प्रवास तासाभरात संपतो की अडीच तास चालतो? आणि त्या अडीच तासांत म्हाताऱ्या माणसाला काय काय लागते? याची उत्तरे घेऊन गेलो, तर आपण लोकल किंवा मेमू असे नाव मागणार नाही, आपल्याला हवी तशी गाडी मागू. शंभर किलोमीटरच्या प्रवासाला शौचालय असलेला डबा मागणे हा काही लाड नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)