दूरच्या ताऱ्यांची चाल आणि आकाशगंगेचे वजन

कल्याण मागे टाकून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघाले, की शहरांचा झगमगाट हळूहळू ओसरू लागतो. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा जलाशयांच्या परिसरातही पावसाळा सरल्यानंतरच्या निरभ्र, चंद्रहीन रात्री आकाशगंगेचा दुधी पट्टा नुसत्या डोळ्यांना दिसू शकतो. मुंबईच्या गच्चीवरून जे पाहणे आता जवळजवळ अशक्य झाले आहे, ते येथे अद्याप शिल्लक आहे. या पट्ट्याकडे पाहताना एक साधा प्रश्न मनात येतो: हे सारे कशाने बांधून ठेवले आहे?

हा पट्टा म्हणजे आपल्याच दीर्घिकेची आतून दिसणारी चकती होय. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे असून केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आपला सूर्य आहे. मात्र दीर्घिका या चकतीपाशी संपत नाही. चकतीच्या वर, खाली, सर्व बाजूंनी ताऱ्यांचा एक अतिविरळ गोल पसरलेला आहे. त्याला प्रभामंडल म्हणतात. तेथील तारे अत्यंत वृद्ध आहेत. चकतीतील तारे एकाच दिशेने केंद्राभोवती फिरतात. प्रभामंडलातील तारे मात्र तिरप्या, लांबट कक्षांतून जातात, आणि काही तर उलट दिशेनेही.

तारे स्थिर नसतात, हे मानवाला उशिरा उमगले. एडमंड हॅले यांनी १७१८ मध्ये प्राचीन ग्रीक नोंदींशी तुलना करून दाखवले, की स्वातीसारखे तेजस्वी तारे आपल्या जागेवरून सरकले आहेत. स्वाती हा त्यातल्या त्यात वेगाने सरकणारा तारा; तरीही चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर कापण्यास त्याला सुमारे ८०० वर्षे लागतात. मग स्वातीहून हजारो पट दूर असलेल्या ताऱ्यांची चाल मोजायची कशी?

त्यासाठी दोन मार्ग आहेत. तारा आपल्याकडे येत असेल, तर त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस सरकतात आणि दूर जात असेल, तर तांबड्या. या सरकण्यावरून वेग कळतो. दुसरा मार्ग म्हणजे ताऱ्याचे आकाशातील स्थान वर्षानुवर्षे काटेकोरपणे नोंदवणे. युरोपच्या ‘गाया’ या अवकाशयानाने २०१३ मधील उड्डाणानंतर जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांसाठी हे काम केले. अंतर ठरवण्यासाठी स्वरमंडळ तारकासमूहातील ‘आरआर लायरी’ या ताऱ्याच्या जातीचे स्पंदन पावणारे तारे उपयोगी पडतात. त्यांचे खरे तेज ठाऊक असल्याने दिसणाऱ्या तेजावरून त्यांचे अंतर काढता येते.

हा खटाटोप वजनासाठी आहे. सूर्याभोवती बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, तर दूरचा नेपच्यून अवघ्या साडेपाच किलोमीटरने. कारण सूर्यमालेचे जवळजवळ सारे वजन मध्यभागी आहे. दीर्घिकेतही तारे बहुतांशी आतल्या भागात एकवटलेले दिसतात. तेव्हा बाहेर जावे तसा वेग असाच घटावा, अशी अपेक्षा होती. परंतु १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील तेजोमेघांचे वेग प्रसिद्ध केले, तेव्हा बाहेरच्या भागातही वेग तसा ओसरताना दिसला नाही. पुढे अनेक दीर्घिकांत हेच आढळले. तेथे न दिसणारे द्रव्य असले पाहिजे, हा बहुसंख्य शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात.

आपल्या आकाशगंगेबाबत हे काम भारतातही झाले. कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधील पिजुषपाणि भट्टाचार्जी, सौमिनी चौधुरी आणि सुस्मिता कुंडू यांनी प्रभामंडलातील ताऱ्यांसारख्या दूरच्या घटकांचा आधार घेऊन केंद्रापासून सुमारे साडेसहा लाख प्रकाशवर्षांपर्यंतचा वेगाचा आलेख मांडला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आकाशगंगेचे एकूण वजन नेमके किती, याबद्दल मात्र आजही एकमत नाही. निरनिराळ्या पद्धतींची उत्तरे कित्येक पटींनी वेगळी येतात. सर्वांत दूरच्या ताऱ्यांचे महत्त्व येथेच आहे, कारण त्यांच्या कक्षेच्या आतले सारे वजन, दिसणारे आणि न दिसणारे, त्यांच्या चालीवर परिणाम करते.

मुरबाडकरांना या विषयाचे एक मोठे केंद्र तसे शेजारचेच आहे. माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात गेले, की नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. येथून ताऱ्यांऐवजी हायड्रोजन वायूच्या रेडिओलहरी टिपून दीर्घिकांच्या कडेची गती मोजता येते. सप्तर्षींच्या दिशेच्या ‘एनजीसी ३७४१’ या चिमुकल्या दीर्घिकेभोवती तिच्या प्रकाशमान भागाच्या आठपटींहून दूरवर वायूची चकती पसरली असल्याचे २००५ मध्ये याच दुर्बिणीने दाखवले. तेथेही कडेचा वेग न दिसणाऱ्या द्रव्याकडेच बोट दाखवतो.

प्रभामंडलाचा एक रहिवासी दुर्बिणीविनाही पाहता येतो. मेच्या उत्तरार्धात रात्री दहाच्या सुमारास चित्रा तारा दक्षिणेच्या मध्यावर येतो. त्याच्या थेट खाली, क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर, अंधूक कापसाच्या बोंडासारखा ठिपका दिसतो. तो ‘ओमेगा सेंटॉरी’ हा सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरील तारकागुच्छ. त्यात लक्षावधी तारे आहेत आणि तो चकतीच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रवास करतो. आकाशगंगेने पूर्वी गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा तो गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

परंतु हा ठिपका दिसण्यास अंधार हवा. शहापूरमधून आता समृद्धी महामार्ग जातो. गृहसंकुले, गोदामे आणि फार्महाऊस वाढत आहेत. विकास नको, असे कोणी म्हणणार नाही. मात्र दिव्यांना वरून झाकण लावले, प्रकाश जमिनीकडेच वळवला आणि गरज नसताना दिवे मालवले, तर विजेचीही बचत होते आणि आकाशही राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आलेल्या मुलांना, सायंकाळचे भोजन लवकर आटोपून, एकदा दक्षिणेकडचे मोकळे माळरान दाखवावे. चित्रा कोठे आहे हे एकदा कळले, की पुढचे ती आपणहून शोधतील.