चिंध्यांच्या बाहुलीचे गाणारे कार्टूनपट

लाल लोकरीचे केस, त्रिकोणी नाक: ही रॅगेडी ॲन. जॉनी ग्रुएलने लिहिलेल्या तिच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक १९१८ चं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या फ्लायशर स्टुडिओने तिला रंगीत, संगीतमय लघुपटात आणलं. खेळण्यांच्या दुकानात आलेल्या मुलीला दुकानदार ॲन आणि तिचा जोडीदार बाहुला अँडी यांची कहाणी सांगतो.

माझा जीव मात्र १९४४ च्या 'सडनली इट्स स्प्रिंग' मध्ये अडकलाय! घरची मुलगी आजारी, उन्हाशिवाय ती बरी होणार नाही. मग ही कापडी बाहुली थेट सूर्याकडे गाऱ्हाणं घेऊन जाते. वाटेत ढगालाही विनवते. बाहुलीने मुलीची काळजी घ्यावी, ही कल्पनाच किती गोड! हीच बाहुली असलेला १९४७ चा 'द एन्चँटेड स्क्वेअर' एका अंध मुलीचा आहे. मुलांना तिन्ही दाखवाच.