थंडीतील ड्रोन-बॅटरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग थंडीने बॅटरीला काय व्हायचे?’ असे एखाद्या वाशीमकराने विचारले तर ते अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. कारण ज्या जिल्ह्याचा लौकिक मे महिन्यातल्या चाळीस अंशांवरील उन्हाशी निगडित आहे, तेथे पौषातील पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, ही गोष्ट दुपार होताच विस्मरणात जाते. परंतु हरभऱ्यावरील ड्रोन-फवारणी वारा पडलेला असताना, म्हणजे बहुधा सकाळीच करावी लागते. आणि २९ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील १५,००० महिला बचत गटांसाठी मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेपासून तर हे यंत्र निव्वळ हौशी मंडळींचे राहिलेले नाही. लिथियम पॉलिमर बॅटरी मंदावण्यास बर्फ लागत नाही. पंधरा अंशांच्या खालीच तिच्यातील आयनांचा संचार शिथिल होऊ लागतो आणि अंतर्गत रोध वाढतो.

चार्जरने ‘पूर्ण’ असा दाखला दिला म्हणजे निर्धास्त व्हावे, ही समजूत अधिक घातक आहे. प्रत्येक सेलचे ४.२ व्होल्ट हे विश्रांतीच्या अवस्थेतील माप होय. औषधाची टाकी घेऊन ड्रोन वर उठू लागला, की गारठलेल्या सेलचे व्होल्टेज एकदम खचते, आणि यंत्र शेताच्या मधोमध उतरण्याची तजवीज करू लागते. सबब बॅटऱ्या रात्री जीपमध्ये न ठेवता घरात ठेवाव्यात, उड्डाणापूर्वी त्यांचे तापमान वीस अंशांच्या वर असल्याची खात्री करावी, आणि पहिले मिनिटभर ड्रोन कमी उंचीवर स्थिर ठेवावा. स्वतःच्याच प्रवाहाने बॅटरी उबदार होते. मात्र ही ऊब शेकोटीची किंवा चुलीची नको. साठ अंशांपलीकडे सेल फुगण्याचा व पेट घेण्याचा धोका असतो, आणि तो पत्करण्यात कसलेही शौर्य नाही.

थंडीत उड्डाणाचा अवधी घटला म्हणून बॅटरी ‘गेली’ असे मानून ती मोडीत काढणारेही आढळतात. ही घट तात्पुरती असते. ऊब मिळताच क्षमता परतते. कायमचे नुकसान होते ते गारठलेली बॅटरी चार्ज करताना : शून्य अंशाखाली लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते, आणि पुढे आतील पडदा भेदून सेलमध्येच शॉर्टसर्किट घडवू शकते. म्हणूनच अनेक उत्पादक पाच अंशांखाली चार्जिंगची मुभा देत नाहीत. वाशीमात पारा इतका क्वचितच उतरत असला, तरी बांधावर जनरेटर लावून थंडगार बॅटरीला जलद चार्जिंगवर घालणे गैरच.

हंगाम संपल्यावर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. पूर्ण भरून ठेवू नये. आणि फुगलेल्या बॅटरीला सुई टोचून ‘हवा काढण्या’चा उपद्व्याप कृपा करून कोणीही करू नये; ती पुन्हा चार्जरला न लावता ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावी.