संगणकाचे बिऱ्हाड हलविताना

श्रोतेहो, पुष्कळ घरांतून आज सात-आठ वर्षांचा एखादा संगणक असतो. त्याचा पडदा स्वच्छ दिसतो, कळफलक नीट चालतो, पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे ही कामे तो बिनतक्रार करतो. तरीही तो आता निकामी झाला, असे सांगण्यात येते. याचे कारण यंत्रात नसून यंत्र चालविणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे कार्यप्रणालीमध्ये आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना व ठरावीक प्रोसेसर लागतात. ही अट पुरी न करणारे धडधाकट यंत्र मोडीत काढावे काय? त्याला एक पर्याय आहे. त्याचे नाव लिनक्स.

लिनक्सचे कुळ जुने आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीचा पाया घातला. तिच्याच धर्तीवर, परंतु सर्वांना मोकळी अशी प्रणाली रचण्याचा संकल्प रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केला, आणि १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला लागणारा गाभा लिहावयास घेतला. हा गाभा कोणीही वाचावा, सुधारावा व इतरांस द्यावा, अशी त्याच्या परवान्याची अट आहे. म्हणूनच डेबियन, उबुंटू, मिंट अशी त्याची अनेक रूपे निघाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी सिद्ध केलेली 'बॉस' ही प्रणालीही त्यांपैकीच एक होय. ज्यांच्या हाती अँड्रॉइडचा फोन आहे, ते हाच गाभा नकळत रोज वापरीत आहेत.

तेव्हा लिनक्स चालेल काय, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. खरा प्रश्न आहे तो आपल्या सवयींचा आणि आपल्या कागदपत्रांचा. बिऱ्हाड हलविताना जाणती माणसे आधी सामानाची यादी करतात व मगच गाडी बोलावतात. येथेही तोच क्रम हिताचा.

पहिली पायरी प्रोग्राम बदलण्याची. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी हे प्रोग्राम विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. ते जुन्या प्रणालीवरच महिना-दोन महिने वापरून पाहावेत. हात त्यांना सरावले, की पुढे प्रणाली बदलली तरी परकेपणा वाटत नाही. जो प्रोग्राम लिनक्ससाठी मिळतच नाही, त्याचीही गाठ येथेच पडते. उदाहरणार्थ, फोटोशॉप लिनक्ससाठी निघत नाही. ज्यांची उपजीविका अशा एखाद्या प्रोग्रामवर आहे, त्यांनी घाई न करणेच शहाणपणाचे.

दुसरी पायरी चाचणीची. लिनक्सची बहुतेक रूपे पेनड्राइव्हवर उतरवून, संगणकातील डिस्कला हात न लावता, तेथूनच चालविता येतात. मिंटला किमान २ जीबी मेमरी पुरते. ४ जीबी असल्यास काम सुखाचे होते. या चाचणीत वाय-फाय, आवाज आणि छपाईयंत्र ही तीन अवश्य तपासावीत. ती चालली, तर अर्धी लढाई जिंकली. त्यानंतर सर्व कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी, आणि मगच प्रणाली बसवावी. कारण बसविताना चुकीच्या ठिकाणी होकार दिला गेला, तर जुने सारे पुसले जाते.

आता खास आपल्या, मराठी लिहिणाऱ्यांच्या अडचणीकडे वळू. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपले मराठी लेखन श्रीलिपी, कृतिदेव अशा संचांतील फाँटांनी होत असे. त्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर साठविलेले नसते. साठविलेली असतात भलतीच चिन्हे, आणि त्यांना देवनागरीचे रूप देतो तो फाँट. फाँट नाहीसा झाला, की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. हा दोष लिनक्सचा नव्हे; तो फाँट नसलेल्या दुसऱ्या विंडोज यंत्रावरही हेच घडते. म्हणून संस्थेची इतिवृत्ते, वडिलांचे लेख, हस्तलिखितांच्या टंकित प्रती जे काही असेल, ते जुने यंत्र चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये परिवर्तित करून, ताडून घ्यावे. युनिकोडचा मजकूर दोन्हीकडे सारखाच उघडतो, आणि टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलकही दोन्हीकडे तोच असतो.

हा क्रम व ही तयारी किती महत्त्वाची, हे जर्मनीतील म्युनिक शहराने पाहिले आहे. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला व २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. तरी २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले. त्या निर्णयामागे राजकारणही होते. परंतु इतर कार्यालयांशी होणाऱ्या कागदपत्रांच्या देवघेवीत येणाऱ्या अडचणी हेही एक कारण होते. उलट केरळातील सरकारी शाळांतून लक्षावधी मुले लिनक्सवर शिकली. कारण तेथे शिक्षकांना आधी शिकविले आणि पाठ्यपुस्तकेही त्याच प्रणालीला धरून तयार केली.

श्रोतेहो, लिनक्स फुकट मिळते, हा त्याचा लहान गुण आहे. मोठा गुण हा, की आपले यंत्र केव्हा म्हातारे झाले हे परक्याने ठरवावे, अशी पाळी आपल्यावर येत नाही. पण ते स्वातंत्र्य हवे असेल, तर आपले लेखन आधी एका फाँटाच्या कैदेतून सोडविले पाहिजे. ज्यांना विंडोजवरच राहावयाचे आहे, त्यांनीही एवढे काम तरी या वर्षीच हाती घ्यावे.